वायसरवाले अण्णा

आमच्या जुन्या कंपनीतल्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. नाव 'वायसर कट्टा'. सकाळी त्यावर गुलाबाची फुलं येतात, मग कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी येते आणि मग हटकून कुणीतरी लिहितं, 'काय ते दिवस होते. वायसरसारखा अंक पुन्हा होणे नाही.' त्याखाली हात जोडणाऱ्या, रडणाऱ्या, टाळ्या वाजवणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागते. मी इथे शारजात, कामावर निघण्याआधी, हे सगळं वाचतो आणि मला गांगुर्डे अण्णांचा प्रश्न आठवतो. कुणी अंकाचं कौतुक करायला लागलं की ते विचारायचे, "कोणतं पान? कोपऱ्यात कोण उभं होतं?"

ग्रुपवरच्या एकालाही याचं उत्तर देता येणार नाही. अंक यांनी हातात धरला, हे खरं आहे. पण वडाही हातातच धरतात.

अण्णा त्या ग्रुपवर नाहीत. त्यांच्याकडे तसला फोन नाही, आणि असता तरी ते नसते. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण धीर होत नाही. मी हरसूलच्या शाळेतून नववीत बाहेर पडलेला माणूस, आणि लिहिणाऱ्या लोकांबद्दल अण्णांचं मत काही चांगलं नव्हतं. पण माझ्या हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत आणि त्याचं काही देणं मी लागतो, असं मला वाटतं. अण्णांना तसं वाटत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

वायसर म्हणजे वॉशर. नट आणि पत्रा यांच्या मधे बसते ती भोकाची चकती. सातपूरच्या कुठल्याही कारखान्यात तिला वायसरच म्हणतात. "अंकाला हे नाव का ठेवलं?" असं एकदा कुणीतरी विचारलं. "मधे भोक आहे म्हणून," अण्णा म्हणाले आणि चालू लागले. अंक म्हणजे अण्णांनी काढलेल्या टिंगलीच्या चित्रांची, सायक्लोस्टाइल केलेली थोडीशी पानं. कोपऱ्यात भोक पाडून, दोन्ही बाजूंनी खऱ्या वायसर लावून दोऱ्यानं आवळलेली, कारण स्टेपलरच्या पिना स्टोअर्समधून घ्यायच्या तर सही लागायची आणि वायसर तर जमिनीवर पडलेल्याच असायच्या. ग्रुपवर आता याला 'भूमिगत चळवळ' म्हणतात. भूमिगत कसलं, टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीत चालायचं. सगळ्यांना माहीत होतं. फक्त माहीत असल्याचं कुणी कबूल करत नव्हतं, आणि त्यालाच हे लोक आता चळवळ म्हणतात.

अण्णा टाइमकीपर होते. बारीक अंगाचे, बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालणारे. चेहऱ्यावर कायम असा भाव, की कुणीतरी आत्ताच शिळा विनोद सांगितलाय आणि त्यांना तो पहिल्या शब्दापासून माहीत होता. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी 'हरसूल'. आमच्या प्रेस शॉपमधला निवृत्ती 'निफाड'. मॅनेजर कानपूरचे होते, त्यांच्या मागे ते त्यांना 'कानपूर' म्हणायचे, अगदी शांतपणे, जणू हजेरी घेताहेत.

सकाळी उशिरा येणाऱ्याला अण्णांच्या खिडकीपुढे उभं राहावं लागायचं. तिथे कारण चालायचं नाही, कारणाचा कस बघितला जायचा.

"आजी वारली अण्णा."

"मागच्या महिन्यातही आजीच होती. तुमच्या घरात दुसरं कुणी नाही का? हाफ डे."

"पंक्चर झालं."

"हे कालच एकानं वापरलं. हाफ डे."

एकदा पॉलिशिंगमधला एकजण घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, सायकल ढकलतच आणली. वर बसायचं लक्षातच राहिलं नाही." अण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, कार्ड घेतलं आणि पूर्ण दिवस लावला. "यानं विचार तरी केलाय," ते मागच्या रांगेला म्हणाले. त्या माणसानं मग आयुष्यभर तेच कारण सांगितलं. अण्णांनी त्याला पुन्हा कधी सोडलं नाही.

ते स्वतः हसत नसत. दुसरे हसले की त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे, डॉक्टर बघतो तसे. दिवाळीत कँटीनमध्ये कुणीतरी विनोदी दिवाळी अंक आणायचा. अण्णा तो एक दिवसासाठी मागून न्यायचे आणि परत द्यायचे तेव्हा पानोपानी समासात लाल पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'इथे हसावे.' 'इथे पुन्हा हसावे.' 'मागच्या पानावर हसला नसाल तर इथे.' बायकोच्या हातात लाटणं, सासूबाईंचं वजन, टकलावरचे केस, विसराळू प्राध्यापक, या सगळ्या मालाला त्यांचा एकच शब्द होता, 'लाटणं'. एखादा चांगला वक्ता ऐकून आलेला माणूस उत्साहानं सांगायला लागला की ते मधेच विचारायचे, "लाटणंच ना?" तो माणूस थोडा वेळ विचार करायचा आणि विषय बदलायचा.

मला अण्णा पहिल्यांदा भेटले ते कँटीनमध्येच. मी नवा होतो. शाळा सोडल्यावर माझं वाचन म्हणजे सातपूरच्या टपरीवर भाड्यानं मिळणारी हिंदी कॉमिक्स, फाटकी, शेवटचं पान नसलेली. 'वायसर'चा अंक कुणीतरी बाकावर टाकला होता, तो बघत मी एकटाच हसत होतो. वर पाहिलं तर टाइमकीपर समोर उभे.

"काय झालं हसायला?"

मला वाटलं नोकरी गेली. तोंडातून खरं ते निघून गेलं. "साहेबांच्या टेबलाखाली चपला आहेत ना, त्या दोन्ही उजव्या पायाच्या आहेत."

त्यांनी अंक हातात घेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हे मी मुद्दाम नाही काढलं. चुकलंय." मग अंक माझ्या हातात परत देत म्हणाले, "पण तू बघितलंस. गाव कोणतं?"

"हरसूल."

"हरसूलला बघतात म्हणायचं."

एवढंच. पण गावाहून आल्यापासून पहिल्यांदाच मला कुणीतरी काहीतरी बरोबर आल्याचं सांगितलं होतं. शाळेतही कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी अंकातलं प्रत्येक अक्षर वाचायला लागलो, आणि जे काही वाचता येतं ते तिथूनच आलं.

अंक निघायचा सुट्टीच्या दिवशी. टाइम ऑफिसची किल्ली अण्णांकडे असायची आणि नोटिसा काढायचं यंत्रही तिथेच. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं चित्र कोरायचं, एकदा रेघ गेली की गेली, खोडायची सोय नाही. आणि काळा भाग भरायचा नाही, कारण जास्त कोरलं की स्टेन्सिल फाटून शाईचा लोळ येतो. म्हणून अण्णांची माणसं नुसत्या रेघांची असायची, केसांच्या जागी चार काड्या, काळी पॅंट घालणारे साहेबसुद्धा पांढऱ्या पॅंटमध्ये.

अंकाची एकच रीत होती आणि ती अण्णांनी कधी मोडली नाही. ज्याची टिंगल केली असेल त्याला पहिली प्रत. चोरून ठेवायची नाही, हातात द्यायची आणि तो वाचून होईपर्यंत समोर उभं राहायचं. कँटीनचा ठेकेदार आपल्या डाळीवरचं पान वाचत होता तेव्हा अण्णा काउंटरसमोर ताट घेऊन उभे होते. त्यानं वाचलं, झाकलं आणि ताटात डाळ वाढली. तशीच पातळ. "याला म्हणतात निष्ठा," अण्णा बाहेर येऊन म्हणाले.

आता निवृत्तीची गोष्ट.

निवृत्ती निफाडचा, पॉवर प्रेसवर काम करायचा. पत्रा डायखाली, म्हणजे साच्याखाली सरकवायचा, पायानं पॅडल दाबायचं, वरून ठोका पडतो, पत्रा काढायचा. दिवसभर हेच. त्या वेळी आमच्या प्रेसला पुढे गार्ड नव्हता, हात आत जायला काहीच अडवत नव्हतं. एक दिवस निवृत्तीच्या उजव्या हाताची दोन बोटं आत राहिली. तो दवाखान्यातून परत आला तेव्हा कंपनीनं त्याचा कँटीनमध्ये सत्कार केला. शाल दिली, स्टीलची कळशी दिली. मॅनेजरनं 'निष्ठावान कामगार' वगैरे भाषण केलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कळशी एका हातात धरता येईना म्हणून निवृत्तीनं ती काखेत घेतली.

पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर एकच चित्र होतं. एक कामगार, लांब नाकाचा, साहेबापुढे हात जोडून उभा. गळ्यात हार. खाली ओळ : 'श्री. दहाबोटे यांचा सत्कार.' त्याच्या पुढच्या अंकात तोच माणूस, तोच साहेब, हातात छत्री भेट. 'श्री. नऊबोटे यांचा सत्कार.' जोडलेल्या हातांची बोटं मोजली तर नऊ. मग श्री. आठबोटे, भेट घड्याळ. मशीन कुठेच काढलेलं नव्हतं. रक्त नाही, ठोका नाही. नुसते सत्कार.

श्री. दहाबोटे आले तेव्हा पहिली प्रत अर्थातच निवृत्तीला. मी शेजारच्याच प्रेसवर होतो. अण्णा येऊन उभे राहिले. निवृत्तीनं पान डोळ्यांजवळ नेलं.

"अण्णा, माझं नाक एवढं लांब हाय का?"

"जवळपास."

"लय काढलंय." मग तो पुन्हा बघत राहिला. "आता याचं पुढं काय होतं?"

"जातात एकेक."

"समदी?"

"सगळी."

निवृत्तीनं पान घडी करून खिशात घातलं. "काढा मग. पण घाई करू नका. लोकांना जरा मोजू द्या."

लोकांनी मोजलं की नाही मला माहीत नाही. मी मोजलं. निवृत्तीला हलक्या कामावर घेऊन त्याच्या प्रेसवर आता मला लावलं होतं, आणि पॅडल दाबताना रोज त्या माणसाचे जोडलेले हात डोळ्यांपुढे यायचे. श्री. सहाबोटे यांना सायकल मिळाली त्याच सुमारास एक दिवस फिटर आले आणि सगळ्या प्रेसना लोखंडी जाळीचे गार्ड लावून गेले. मी धावत टाइम ऑफिसात गेलो.

"अण्णा, गार्ड लागले. तुमच्या चित्रामुळे."

"मूर्ख आहेस का? इन्स्पेक्टर येणार आहे." ते कार्डांचा गठ्ठा नीट करत होते. "चित्र बघून कुणी गार्ड लावतं का?"

मी तरीही आजवर तेच मानत आलोय. इन्स्पेक्टर आधीही येऊन गेले होते, चहा पिऊन.

चित्रमाला शेवटी श्री. बिनबोटे यांच्यापर्यंत आली. त्या चित्रात साहेब पेन पुढे करून म्हणतो, "भेटवस्तू मिळाल्याची सही करा." मी अनेक विनोद वाचले असतील, पण त्या चित्राइतकं वाईट हसू मला कशानंच आलं नाही.

त्यानंतर पर्सोनेल खात्याच्या साहेबांनी अण्णांना बोलावलं. ग्रुपवरची दंतकथा अशी, की अण्णांना दम भरला, स्टेन्सिलं जाळली, मशीनला कुलूप लावलं. दर महिन्याला कुणीतरी ही कथा नव्यानं लिहितं आणि कुलूप दरवेळी मोठं होत जातं. खरं असं झालं, की साहेबांनी अण्णांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "गांगुर्डे, कला आहे तुमच्या हातात. कंपनीचा अंक काढतोय आपण, गुळगुळीत कागद, रंगीत. विनोदाचं पान तुमचं."

"काय काढू?"

"हलकंफुलकं. घरच्यांना दाखवता येईल असं."

अण्णांनी काढलं. पलंगाखाली लपलेला नवरा, बाहेर बायको, हातात लाटणं. खालची ओळ मी इथे देत नाही, तिची लाज वाटते. मुद्दाम जितकं वाईट काढता येईल तितकं काढलं होतं. "यात एकही रेघ माझी नाही," ते मला म्हणाले. त्यांना वाटलं, लोकांना हे बघून शिसारी येईल, आणि साहेबाचं तोंड बंद होईल.

अंक आला आणि कारखाना खूश झाला. प्रेस शॉपमध्ये, कँटीनमध्ये, वेल्डिंगच्या पडद्यावर ते पान चिकटलं. लोकांनी घरी नेलं, बायका हसल्या, शेजारणींनी मागून नेलं. एकानं तर अण्णांना टाइम ऑफिसच्या खिडकीतून हात घालून मिठी मारायचा प्रयत्न केला. "आता खरं जमलं अण्णा. ते बोटांचं बघून नुसतं कसंतरी व्हायचं."

अण्णांनी त्याचं कार्ड पंच करून त्याला दिलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर कापड टाकलं आणि 'वायसर' बंद झालं. ते कुणी बंद पाडलं नाही. वाचकांनी मिठी मारली, म्हणून बंद झालं.

कंपनीच्या नोकरीवरून मी पुढे पत्र्याच्याच कामावर इकडे आखातात आलो. सुट्टीवर गेलो की सातपूर कॉलनीत अण्णांकडे जायचो. मागच्या सुट्टीत वाघ साहेबांचा फोन आला. हे वाघ साहेब तेव्हा परचेस खात्यात होते. 'वायसर' ते संडासात वाचायचे, बाहेर येताना वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि अधिकाऱ्यांसमोर विषय निघाला की 'फालतूपणा' म्हणायचे. आता ते 'वायसर गौरव समिती'चे अध्यक्ष आहेत. कंपनीची नवी पिढी खर्च करणार, जुन्या अंकांचं गुळगुळीत पुस्तक निघणार, गंगापूर रोडवरच्या सभागृहात सोहळा होणार, अण्णांचा सत्कार होणार.

"तुझं ऐकतात ते," वाघ साहेब म्हणाले. "तू सोबत चल. मी प्रुफं घेऊन येतो."

मला नाही म्हणता आलं नाही. परक्या देशात राहून मला कुणालाच नाही म्हणता येईनासं झालंय. आम्ही गेलो. अण्णा बुद्धाच्या तसबिरीखाली खाटेवर बसले होते, स्वेटर तोच असावा. वहिनींनी चहा ठेवला. वाघ साहेबांनी प्रस्तावना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यात 'रिकाम्या अवकाशाचा धाडसी वापर' असे शब्द होते.

"काळं भरलं की स्टेन्सिल फाटायचं," अण्णा म्हणाले.

"तेच तर. मर्यादेतून शैली." वाघ साहेबांनी पान उलटलं. "आणि हा आपला मानबिंदू. दहाबोटे."

पानाच्या वर मोठ्या अक्षरात 'जिद्द' असं शीर्षक होतं. पहिलं चित्र श्री. बिनबोटे यांचं. मग श्री. एकबोटे. मग दोनबोटे. मग तीनबोटे. असं करत करत शेवटी श्री. दहाबोटे, गळ्यात हार घालून, पूर्ण बरे.

मी म्हणालो, "वाघ साहेब, हे उलटं लागलंय."

"उलटं कसं? आकडे चढतायत ना." ते खरोखरच गोंधळले. "अंकांवर नंबर नव्हते, तारखा नव्हत्या. आम्ही समितीत चर्चा केली. माणूस खालून वर जातो. दरवेळी कंपनी काहीतरी देते आणि त्याला एक बोट येतं. एकदम प्रेरणादायी. कंपनीकडे नुसती कल्पना सांगितली, त्यांनाही आवडली."

सगळे अंक चाळून, मान्यवरांची समिती नेमून या लोकांनी माणसाची बोटं परत उगवून आणली होती. आपण त्याच कँटीनमध्ये टाळ्या वाजवायला बसलो होतो, हे एकालाही आठवलं नाही.

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, बीपीची गोळी घेतलीत का?"

अण्णा पान हातात धरून बघत राहिले.

"बदलता येईल तसं," वाघ साहेब हळूच म्हणाले, "पण अण्णा, मनातलं सांगतो, असंच बरं वाटतं. शेवट गोड होतो."

"राहू द्या तसंच," अण्णा म्हणाले. "शेवटी एक चित्र जोडा. कागद आणा."

डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी चित्र काढलं. श्री. दहाबोटे हार घालून उभे. साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुढे नेतोय. आणि पुढे, या चित्रमालेत पहिल्यांदाच, पॉवर प्रेस. जबडा वर, मोकळा. खाली ओळ : 'या. मशीन तुमचीच वाट बघत होतं.'

वाघ साहेबांचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांनी नवं चित्र. कामावर परत आला तो. काय पॉझिटिव्ह आहे." त्यांनी फोनवर फोटो काढला, कागद फाइलमध्ये ठेवला आणि अण्णांच्या पाया पडून गेले.

मी दारापर्यंत त्यांना सोडून परत आलो. "अण्णा, त्यांना कळलंच नाही."

"कळलं नाही म्हणून तर छापेल."

"पण मग बाकीच्यांना कळेल का?"

अण्णांनी चहाचा कप बशीनं झाकला. "तेच बघायचंय. लाटण्यावर हसले तसे यावरही हसले, तर मी समजेन, आपण आयुष्यभर कंपनीचा कागद वाया घालवला. एकाला जरी कळलं, तर नाही घालवला. आता यापुढे मला काढायला जमणार नाही, हरसूल. हे शेवटचं."

सोहळा माझ्या विमानाच्या आदल्या दिवशी होता. बॅग अर्धी भरून मी आलो होतो, आणि उशीर होईल, ट्रॅफिक लागेल, काहीतरी विसरेन या काळजीत दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. सभागृह भरलं होतं. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. ज्यांनी त्या काळात अण्णांशी बोलायचं टाळलं होतं, ते आज अण्णांसोबत फोटो काढत होते. निवृत्ती निफाडहून बसनं आला होता, द्राक्षबाग मुलाच्या हवाली करून. तो माझ्याजवळ बसला, अण्णा त्याच्या पलीकडे. स्टेजवर बसायला ते नाही म्हणाले होते.

पुस्तकं वाटली गेली. निवृत्तीनं आपल्या तीन बोटांच्या हातानं सरळ शेवटचं पान काढलं.

"यातलं पान कापलंय रं."

मी माझी प्रत उघडली. 'जिद्द' संपत होती श्री. दहाबोटे यांच्या हारावर, आणि त्यापुढे शिवणीजवळ कागदाची एक बारीक पट्टी होती, ब्लेडनं कापलेली. अण्णांच्या प्रतीतही तसंच. पुढच्या रांगेतल्या माणसाची मागून घेतली, त्यातही. मी अण्णांकडे बघायला घाबरलो.

वाघ साहेबांना निवृत्तीनं हाक मारून बोलावलं. ते घामेजलेले आले. "अण्णा, मी सांगणारच होतो. नंतर सांगणार होतो. कंपनीच्या एचआर मॅडमनी छापलेली प्रत कालच बघितली. म्हणाल्या, हे पान जाणार नाही. आम्ही चौघं बसून प्रत्येक प्रतीतून... छपाईला वेळच नव्हता ना."

"का जाणार नाही म्हणाल्या?" अण्णांनी विचारलं.

"त्यांचं म्हणणं पडलं, की याचा अर्थ पुन्हा तोडायला बोलावलंय असा होतो." वाघ साहेब कसंनुसं हसले. "आता बोला. मला तर वाटलं होतं, आनंदानं कामावर चाललाय."

अण्णांनी त्या कापलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता उठून जातील. ते उठले, पण दाराकडे गेले नाहीत.

"कोणत्या मॅडम?"

"त्या, पहिल्या रांगेत. पण अण्णा, प्लीज, आज नको. त्या पाहुण्या आहेत."

अण्णा मधल्या वाटेनं पुढे निघाले. मी मागोमाग गेलो, काही भांडण झालं तर मधे पडायला. मॅडम तिशीच्या असतील, हातात न कापलेली प्रत. अण्णांना बघून त्या सावरून बसल्या.

"सर, तुमच्या कलेबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे, पण कंपनीच्या कार्यक्रमात..."

"आदर राहू द्या." अण्णा त्यांच्या शेजारच्या, कुणा मान्यवरासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले. "ते पान तुम्ही काढायला लावलंत?"

"हो." त्यांचा आवाज बारीक झाला, पण त्यांनी शब्द फिरवला नाही. "मीच."

"काय दिसलं तुम्हाला त्यात?"

मॅडमनी प्रत उघडली, आजूबाजूला पाहिलं आणि चित्रावर पेन टेकवलं. "मशीनला गार्ड दाखवलेला नाही, सर. बाकी सगळं काढलंय, पॅडलसुद्धा. तो विसरलेला वाटत नाही."

अण्णा खुर्ची सरकवून त्यांच्याकडे वळले. इतकी वर्षं ओळखतो, पण कुणाचं बोलणं ऐकायला हा माणूस असा पुढे वाकलेला मी कधी पाहिला नव्हता. स्टेजवरून वाघ साहेबांनी त्यांचं नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी शाल उलगडली. नाव पुन्हा पुकारलं गेलं, आणि सगळं सभागृह माना वळवून बघायला लागलं, तेव्हा अण्णांनी मागे न बघता एक हात वर करून सगळ्यांना थांबायची खूण केली, आणि मॅडमना विचारलं, "अजून?"